तिसरी गुटी

माझ्या नावाआधी ‘डॉक्टर’ लागतं. चारकोपच्या आमच्या सोसायटीत या पदवीचा उपयोग आजवर एवढाच झाला, की लिफ्टमध्ये भेटलेला नवा भाडेकरू मला जीभ दाखवतो. मी सांगतो, अहो, मी झाडांचा डॉक्टर. मग तो जीभ आत घेतो आणि माझ्याकडे अशा काही दयेने बघतो, की जणू आजारी मीच आहे. त्यातही मी सगळ्या झाडांचा नाही. फक्त फळझाडांचा, आणि फळझाडांच्याही फक्त विषाणूंचा. झाडाला बुरशी आली, कीड लागली, शेजाऱ्याची बकरी खाऊन गेली, तर माझा संबंध नाही. विषाणू झाला तर माझा संबंध आहे, पण औषध नाही. ज्या रोगावर इलाज नाही त्याचं नेमकं नाव सांगायचं, यासाठी मला दरमहा पगार मिळत आला आहे.

आमचे वडील गिरणीत होते. पोरगा डॉक्टर झाला म्हणून आईने चाळीत पेढे वाटले आणि मग तिला खरा प्रकार कळला. ‘‘झाडांक सर्दी जाता काय रे?’’ तिने विचारलं.

‘‘जवळजवळ तसंच गं.’’

‘‘मगे तू काय करतस?’’

‘‘सर्दीला नाव देतो.’’

तिने उरलेल्या पेढ्यांच्या डब्याला झाकण लावलं. मग म्हणाली, ‘‘बरां. पगार येळार गावता मां?’’ माझ्या क्षेत्राचं इतकं नेमकं मूल्यमापन नंतर कुठल्याही समितीने केलं नाही.

विषाणू हा प्राणी मोठा वस्ताद. प्राणी म्हणायचं फक्त बोलण्यापुरतं, कारण तो धड जिवंत नाही आणि धड मेलेलाही नाही. आमच्या कार्यालयातल्या काही वरिष्ठांसारखा. साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नाही. झाडाच्या पेशीत शिरतो आणि तिच्याच भांड्याकुंड्यांवर स्वतःच्या प्रती काढत बसतो. बाहेर आपल्याला काय दिसतं? पानावर पिवळे डाग, फळाला गाठी. आणि हे तर खत कमी पडलं, पाणी जास्त झालं, तरीही दिसतं. त्यामुळे आमचा निम्मा जन्म ‘हा विषाणू नाही’ हे सिद्ध करण्यात जातो. मी पपईचे पाहिले, केळीचे पाहिले, लिंबाचे पाहिले. ते सगळे दुसऱ्या कुणीतरी आधीच शोधून, नावं ठेवून, त्यावर बढत्या घेऊन मोकळे झाले होते. नवाकोरा विषाणू माझ्या नशिबी आला तो एकच. तोही सासरी.

सासर मनोरीचं. मार्व्याच्या जेट्टीवरून फेरीबोटीत चढलं, की पान चघळून होईपर्यंत पलीकडे. सासूबाई मासळीच्या धंद्यातल्या. आयुष्यभर बोरिवलीच्या बाजारात टोपली घेऊन बसल्या आणि गिऱ्हाइकाशी बोलतात तसंच जावयाशी बोलतात. भाव एकच, घ्यायचं तर घ्या. त्यांची बोली मी इथे जशीच्या तशी लिहीत नाही. लग्नाला इतकी वर्षं होऊनही ती मला बोलता येत नाही, आणि येते असा आव आणला तर आमची नयना हा लेख छापखान्यापर्यंत पोचू देणार नाही.

घरामागे जामाचं झाड. उन्हाळ्यात हातगाडीवर ती घंटेसारखी, पांढरट, चकचकीत फळं असतात ना, तेच जाम. दात लावला की नुसतं गोड पाणी. झाडावरून उतरवलं की थोड्याच वेळात मान टाकतं, म्हणून जाम झाडाखाली उभं राहूनच खायचा, हा सासूबाईंचा कायदा. बाजारातला जाम त्या फळांत धरत नाहीत.

त्या घराची एक रीत. मुलीला लग्नात जे काय द्यायचं ते द्या, पण सोबत या झाडाची एक गुटी गेलीच पाहिजे. गुटी म्हणजे काय, तर जिवंत फांदीची साल बोटभर गोल सोलायची, त्यावर ओला काथ्या आणि माती थापायची आणि गोणपाटाने घट्ट बांधून टाकायचं. पावसाळ्यात आत मुळं फुटतात. मग फांदी त्याखाली कापली की तयार झाड हातात. हे बीचं झाड नव्हे, आईची हुबेहूब नक्कल. सासूबाईंच्याही सासूच्या आधीपासून हे चालू. नणंदा, बहिणी, मुली, पुतण्या, भाच्या, सगळ्या आपापली गुटी घेऊन गोराई, बोरिवली, अंधेरी, घाटकोपर अशा पसरल्या. आमच्या लग्नातही एक आली. ती मी सोसायटीच्या कंपाउंडला लावली. मी शास्त्रज्ञ असल्यामुळे जागा अर्थातच मी निवडली. तिला कधी एकही फळ धरलं नाही. त्याचं खापर मी पहिल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीवर फोडत आलो.

गुटीशिवाय त्या घरातून एकच मुलगी गेली. नयनाची थोरली बहीण, शोभाताई. ती पळून गेली. कुठे, तर मुलुंडला. मनोरीच्या हिशेबाने मुलुंड हे दुबईच्या जरा पुढे येतं. मुलगा परजातीचा, बँकेत चिकटलेला, निर्व्यसनी. दोष काढायला जागाच नसल्यामुळे घरातला राग काही केल्या कमी होईना. सासूबाईंनी त्या दिवसापासून तिचं नाव घेतलं नाही. अगदीच अडलं तर ‘ती मुलुंडवाली’.

काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात सासूबाईंचा फोन आला. ‘‘जावई, झाडाला तुमचा रोग झालाय.’’

‘‘माझा?’’

‘‘पानावर पिवळी गोल कडी उठल्यात. फळ धरतंय नि लिंबाएवढं होऊन गळतंय. आत गाठ. कुणाची तरी नजर हाय, पण नजरेचं मी बघते. तुमचं तुमी बघा.’’

कामाची अशी स्वच्छ वाटणी आमच्या विभागात कधी झाली नाही.

मी मनोरीला गेलो, पानं तोडली, पिशवीत घातली आणि घरी येऊन फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी नयनाने पालक समजून ती निवडायला घेतली आणि निम्मी देठं काढून झाल्यावर विचारलं, ‘‘अहो, हा पालक एवढा जाड कसा?’’ उरलेली निम्मी विज्ञानाच्या वाट्याला आली.

पूर्वी आम्ही असल्या पानांचा रस काढून चाकवताच्या भावकीतल्या रोपांवर चोळायचो. त्या रोपांना कुणाचाही विषाणू लगेच लागतो, लगेच डाग पडतात. फार हळवी रोपं. हल्ली मशीन आहे. पानातलं जनुकीय द्रव्य काढून द्यायचं, मशीन त्याची सगळी अक्षरं वाचतं आणि कोट्यवधी अक्षरांचा चिवडा तुमच्यासमोर ओततं. त्यातले पोहे म्हणजे झाड. ते बाजूला करायचे आणि एखादा शेंगदाणा उरतो का बघायचं. पण पोहे कुठले ते ओळखण्यासाठी एक निरोगी झाडही लागतं, शेजारी ठेवून ताडायला.

आमच्या विभागप्रमुख बर्वे मॅडम. मूळच्या पुण्याच्या, त्यामुळे अपमानसुद्धा व्याकरणशुद्ध करतात. त्यांनी विचारलं, ‘‘परब, निरोगी नमुना आहे ना आपल्याकडे?’’

‘‘आहे मॅडम. माझ्या स्वतःच्या देखरेखीखालचं झाड आहे.’’

‘‘तीच तर काळजी आहे,’’ मॅडम म्हणाल्या.

निकाल आला. मनोरीच्या पानात एक संशयास्पद तुकडा सापडला, अगदी विषाणूच्या वळणाचा. मी हवेत. मग दुसरा निकाल उघडला. तोच तुकडा निरोगी झाडातही होता. तोच, तसाच, जागच्या जागी.

‘‘रोग्यात आहे तेच निरोग्यात आहे,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘म्हणजे तो विषाणू नाही, झाडाचाच काहीतरी भाग असणार. छान. इतके दिवस आपण जामात जाम शोधत होतो तर. आनंद आहे.’’

घरी आलो. नयना बोंबील साफ करत होती. मी सगळी हकिगत सांगितली. तिला माझ्या कामातलं सगळं कळतं अशातला भाग नाही, पण मी कुठे माती खाल्ली ते मात्र तिला ऐकता ऐकता कळतं.

‘‘ते निरोगी झाड कुठलं घेतलंत?’’

‘‘खालचं.’’

‘‘कुठल्या खालचं?’’

‘‘आपलं. कंपाउंडजवळचं.’’

तिने सुरी खाली ठेवली. ‘‘अहो, ते कुणाचं आहे?’’

‘‘सोसायटीचं.’’

‘‘माझ्या आईचं आहे ते! आईकडून आलेली गुटी आहे ना ती? आईला ताप आला म्हणून तुम्ही लेकीच्या कपाळाला हात लावून बघितला. दोघींची कपाळं सारखीच तापलेली. मग म्हणालात, सारखीच आहेत ना, म्हणजे ताप नाहीच! वा! डॉक्टर!’’

‘‘पण ते दिसायला निरोगी आहे.’’

‘‘इतक्या वर्षांत एक फळ नाही दिलं. निरोगी!’’

सेक्रेटरीची मी मनातल्या मनात माफी मागितली. प्रत्यक्ष मागण्याइतका काही तो चांगला माणूस नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगावं लागलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ‘‘परब, या मुंबईत असं एखादं जामाचं झाड शोधा, की जे तुमच्या सासरचं नाही.’’

मला वाटलं, सोपं आहे. गोराईत एका बंगल्यात मिळालं. मालकीणबाई कौतुकाने म्हणाल्या, ‘‘आमच्या सासूला मनोरीच्या एका बाईने दिलेलं.’’ बोरिवलीला एका रोपवाल्याकडे मिळालं. त्याने माल मनोरीहून उचललेला. शेवटी आरे कॉलनीत शिरलो. आतल्या पाड्यावर एक जाम दिसला. मी खूश. इथवर तर मासळीची टोपली काही येत नसेल. झाडाखालचे आजोबा म्हणाले, ‘‘एक मासळीवाली बाई यायची पूर्वी. पपया घेऊन गेली नि हे देऊन गेली.’’ मी त्या बाईचं वर्णन विचारलं नाही. पान तेवढं घेतलं.

अखेरीस घाटावरच्या एका रोपवाटिकेतून पार्सलने रोप मागवलं, तेव्हा कुठे सासूबाईंच्या साम्राज्याबाहेरचा एक जाम मिळाला. त्यात तो तुकडा नव्हता. मग मॅडमनी हट्टाने तेच रोप घेतलं, त्यावर मनोरीच्या झाडाचा डोळा भरला, म्हणजे तिथल्या कोंबाचं कलम केलं, आणि आम्ही वाट बघत बसलो. नव्या पालवीवर पिवळी कडी उठली. मॅडम म्हणाल्या, ‘‘अभिनंदन. तुम्ही एका धडधाकट रोपाला आजारी पाडलंत.’’ आमच्यात याला यश म्हणतात.

मग वर्गीकरण. सापडलेल्या विषाणूची अक्षरं जगभरच्या नोंदलेल्या विषाणूंशी ताडायची. फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर तो नवा, नाहीतर जुन्याचाच भाऊ. लग्नाआधी गोत्र बघतात तसंच, फक्त इथे जुळलं तर निराशा होते. आमच्याचा जवळात जवळचा नातेवाईक परदेशात, कुठल्यातरी वेगळ्याच फळझाडात निघाला. तोही चुलतचुलत. ‘‘कूळ जुनं, जात नवी,’’ मॅडम म्हणाल्या. मी घरी येऊन तेच ऐटीत सांगितलं. नयना म्हणाली, ‘‘म्हणजे शोभाताईच्या घरासारखं.’’

दरम्यान मी सगळ्या मावश्या, आत्या, चुलत मेहुण्यांकडे फिरून पानं गोळा केली होती. प्रत्येक घरी मासे खावे लागले. विज्ञानासाठी माणूस काय काय करतो. सगळी झाडं बाधित. झाडाझाडागणिक विषाणूत थोडी थोडी अक्षरं बदलत जातात, आणि त्या बदलांवरून संगणक कोण कुणापासून फुटलं याचा वंशवृक्ष काढून देतो. तो मी घरी लॅपटॉपवर बघत बसलो होतो. नमुन्यांना आम्ही नुसते आकडे दिलेले. नयना मागून वाकली.

‘‘ही बोरिवलीची आत्या ना?’’

‘‘तुला कसं कळलं?’’

‘‘सगळ्यात आधी तिचं लग्न झालं, ती सगळ्यात आधी फुटलीय. या तिच्या मुली. ही अंधेरीची. आणि ही घाटकोपरची मावशी…’’ ती थांबली. ‘‘ही आईकडून फुटायला हवी. आत्याच्या फांदीवर कशी?’’

‘‘चूक असेल मशीनची.’’

‘‘मशीनची नाही. मावशीच्या लग्नात तिचं नि आईचं वाजलं होतं. तिने आईची गुटी टाकून दिली असणार, आत्याकडून दुसरी नेली असणार आणि आईला सांगितलं, तुझीच आहे म्हणून!’’

ज्या भानगडीचा घरात कुणाला पत्ता नव्हता, ती विषाणूने अक्षर न चुकता लिहून ठेवली होती. मावशीच्या सुरक्षेसाठी तो तक्ता मनोरीला दाखवायचा नाही, असं आमचं ठरलं.

नाव ठरलं. आमच्याकडे साधारण झाडाचं नाव आणि लक्षण जोडतात. आता वर दोन शब्दांचं शास्त्रीय नावही लागतं. ते आंतरराष्ट्रीय मंडळींना कळवायचं आणि त्यांनी मान डोलवेपर्यंत थांबायचं. सासूबाईंना मी सोपं करून सांगितलं, ‘‘जामाचा पिवळ्या कड्यांचा विषाणू.’’

‘‘गावाचं नाव नाय ना घातलं?’’

‘‘नाही.’’

‘‘आमचं?’’

‘‘छे.’’

‘‘मग ठीक. आता औषध कधी आणताय?’’

‘‘आई, औषध नसतं याला.’’

त्यांनी माझ्याकडे शिळ्या बांगड्याकडे बघावं तसं बघितलं. आता खरी गोष्ट सांगणं भाग होतं. झाड बरं होणार नाही. तोडलेलं बरं. आणि याची गुटी यापुढे कुणालाही द्यायची नाही, कारण रोग हवेतून नाही, गुटीतूनच घरोघर गेलाय.

ही गोष्ट चालली होती तेव्हा माझ्या मेव्हण्याच्या मुलीचं, श्रुतीचं लग्न ठरलेलं होतं. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त. त्याआधीच्या पावसात तिची गुटी बांधायची होती. सासूबाईंनी फांदीसुद्धा हेरून ठेवली होती.

‘‘बरं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘झाड तोडा. आणि श्रुतीला काय देऊ? तुमचा रिपोर्ट?’’

‘‘चांगल्या रोपवाटिकेतून निरोगी रोप आणून देतो मी.’’

‘‘विकतचं माहेर कुठे मिळतंय तेवढं सांगा, मी पण घेते एक.’’ मग त्यांचा आवाज खाली आला. तो खाली येतो तेव्हा घरातले सगळे आपापली कामं शोधतात. ‘‘या घरातनं गुटीशिवाय एकच गेली. मी नाय दिली तिला. आता नातीला पण तशीच पाठवू? पोरगी काय समजेल? हिला पण टाकली?’’

श्रुती आत टीव्ही बघत होती. तिने आवाज कमी केला होता हे मला तेव्हा जाणवलं.

परतीच्या फेरीबोटीत नयनाने तिकिटं पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, ‘‘बीतून जातो का हो तो?’’

‘‘कोण?’’

‘‘तुमचा विषाणू.’’

‘‘बरेचसे जात नाहीत. गुटीतून आईचं सगळं जातं, रोगासकट. बीमध्ये बहुतेक वेळा गाळून निघतं. का?’’

‘‘ताई गेली ना, त्या पहिल्या उन्हाळ्यात मी तिला डब्यातून जाम नेले होते. आईला चोरून. त्यातल्या एकात बी निघाली, ती तिने कुंडीत लावली. आता बिल्डिंगच्या मागे एवढं मोठं झाड आहे. लगडतं नुसतं.’’

‘‘म्हणजे तू इतकी वर्षं मुलुंडला जातेस?’’

‘‘नाहीतर काय, महिन्याला एक बचत गटाची मीटिंग असते असं खरंच वाटलं तुम्हाला?’’

‘‘आणि मी आरेच्या जंगलात हिंडत होतो तेव्हा का नाही बोललीस?’’

‘‘तुम्ही सासरचं नसलेलं झाड शोधत होतात. हे सासरचंच आहे.’’

मुद्दा बिनतोड होता.

मुलुंडला शोभाताईने दार उघडलं. मी आणि प्लास्टिकची पिशवी. तिने विचारलं, ‘‘विलासराव, आईने पाठवलंय?’’

‘‘नाही. विज्ञानाने.’’

‘‘मग पान न्या. आईने पाठवलं असतं तर फांदी दिली असती.’’

पानं तपासली. मग पुन्हा तपासली, कारण माझ्या निरोगी झाडांवर मॅडमचा आता काडीचा विश्वास राहिला नव्हता. विषाणूचा मागमूस नव्हता. सासूबाईंच्या झाडाच्या अख्ख्या गोतावळ्यात धडधाकट निघालं ते एवढंच. ज्या मुलीला घराने काहीच दिलं नाही, तिला रोगही द्यायचा राहून गेला होता.

मनोरीला जाऊन हे सांगायचं म्हणजे नयनाचा डबा उघडा पडणार. तिने स्वतःच सांगितलं, चुलीकडे तोंड करून. सासूबाई निवांत ऐकत होत्या. मी पळायची तयारी ठेवून दाराजवळ बसलो होतो.

‘‘किती जाम नेलेस?’’ त्यांनी विचारलं.

‘‘डबाभर.’’

‘‘ते तू होय? त्या वर्षी कमी भरले म्हणून मी शेजारणीशी भांडले. अजून बोलत नाय मी तिच्याशी.’’ मग म्हणाल्या, ‘‘बीचं झाड. आईवर गेलं का बापावर, कुणी सांगावं? चव घेतल्याशिवाय नातीला देणार नाय मी.’’

‘‘मी आणतो की चार जाम,’’ मी म्हटलं.

‘‘पिशवीतला जाम? जावई, जाम झाडाखाली खातात.’’

म्हणजे मुलुंडला जावं लागणार, हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, त्यांच्याही. त्या उठल्या. ‘‘मी झाड बघायला जाईन. तिला नाय.’’

नयनाने बहिणीला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, ‘‘येऊ दे झाड बघायला. झाड मागच्या बाजूला आहे. माझ्या घरातून जावं लागत नाही.’’ मायलेकींचा स्वभाव कुठल्याही मशीनशिवाय जुळत होता.

मिरगाच्या तोंडावर आम्ही निघालो. शेवटची फळं झाडावर होती. सासूबाईंनी लग्नाकार्याचं लुगडं नेसलं होतं आणि मांडीवर एक कापडी पिशवी घट्ट धरली होती. टॅक्सीवाल्याने ती डिकीत ठेवायला मागितली तर त्याला जे ऐकावं लागलं, त्यानंतर मुलुंडपर्यंत त्याने हॉर्नसुद्धा वाजवला नाही. मला वाटलं, पिशवीत मासळी असणार.

बिल्डिंगच्या मागे झाड. तळमजल्यावरच शोभाताईच्या स्वयंपाकघराची खिडकी, आणि ग्रिलच्या आत शोभाताई. बाहेर आली नाही. सासूबाईंनीही तिकडे बघितलं नाही. त्यांनी एक पान उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं, बाजारात पापलेटाचा कल्ला उचलून बघावा तसं. मग हात वर करून एक जाम तोडला, पदराला पुसला आणि खाल्ला. आम्ही त्यांच्या जबड्याकडे बघत उभे. माझ्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला मी एवढा घाबरलो नव्हतो.

‘‘पाणी हाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘गोडी जरा कमी.’’

ग्रिलमधून आवाज आला, ‘‘बीचं आहे ते. गुटी कुठे मिळाली होती मला?’’

अशा वेळी गप्प बसावं एवढं मला कळतं, तरी मी तोंड उघडलं, ‘‘शास्त्रीयदृष्ट्या बघितलं तर बीपासून…’’ आणि नयनाने दंडाला असा चिमटा काढला, की त्याची खूण आठवडाभर पिवळी होती. कड्यासकट.

सासूबाईंनी पिशवी उघडली. आत काथ्या, गोणपाटाच्या पट्ट्या, सुतळी आणि त्यांची सुरी. म्हणजे चव बघायच्या आधीच सगळी तयारी झालेली होती. त्यांनी फांदी वाकवली, सुरी टेकवली, आणि मी ओरडलो, ‘‘थांबा! ही सुरी मनोरीच्या झाडाला लावलेली?’’

‘‘मग काय, नवी घेऊ?’’

‘‘आई, त्याचा रस पात्याला असेल तर एवढं एक निरोगी झाडही जाईल. आधी पातं धुऊन विस्तवावर भाजायला हवं.’’

या सगळ्या प्रकरणात माझ्या डॉक्टरकीचा झालेला हा एकमेव उपयोग. विस्तव कुठे आहे हे सगळ्यांनाच दिसत होतं. ग्रिलच्या आत, शेगडीवर. सासूबाई सुरीकडे बघत राहिल्या. मग खिडकीशी गेल्या आणि मूठ पुढे करून सुरी आत दिली. ‘‘भाजून आण.’’

शोभाताईने सुरी घेतली. आत पाण्याचा आवाज, मग गॅसचा. आणि भाजलेली सुरी खिडकीतून परत न देता, ती दार उघडून, बिल्डिंगला वळसा घालून, सुरी घेऊन आली. चपला घालायची विसरली होती.

‘‘धर फांदी,’’ सासूबाई म्हणाल्या.

तिने धरली. सासूबाईंनी साल सोलली, ओला काथ्या लावला, गोणपाट गुंडाळून सुतळी आवळली. ‘‘ही श्रुतीची.’’ दुसरी फांदी. ‘‘ही मनोरीला, दारात.’’ मग त्यांनी तिसरी फांदी वाकवली.

‘‘आई, दोन पुरेत,’’ मी म्हटलं. ‘‘झाडाला ताण येतो.’’

‘‘ही हिची.’’

‘‘कुणाची?’’ शोभाताईने विचारलं.

‘‘तुझी.’’

‘‘अगं आई, अख्खं झाड माझंच आहे की!’’

‘‘झाड तुझं,’’ सासूबाई साल सोलता सोलता म्हणाल्या. ‘‘गुटी मी दिली.’’

शोभाताईने फांदी सोडली नाही. नयना पलीकडच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्या भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

बाकी वृत्तांत थोडका. विषाणूची रीतसर नोंद झाली. शोधनिबंधात पहिलं नाव बर्वे मॅडमचं आणि माझं मधे कुठेतरी, चष्मा लावला तर सापडतं. घरोघरच्या बाधित झाडांची गुटी बंद झाली. चारकोपचं झाड मी स्वतः उभं राहून तोडून घेतलं; सेक्रेटरीने त्या जागी लगेच स्कूटर लावली. मनोरीचं जुनं झाड मात्र उभं आहे. मी दोनदा सांगून बघितलं. सासूबाई म्हणाल्या, ‘‘औषध नाय ना तुमच्याकडे? मग गप बसा. ते आपणहून जाईल.’’ त्याच्यापासून लांब, घराच्या पुढच्या दारात मुलुंडची गुटी लावली आहे. श्रुतीची भांडुपला तिच्या सासरी आहे.

तिसरी गुटी कापायला सासूबाई पाऊस सरता सरता आम्हाला घेऊन पुन्हा मुलुंडला गेल्या. झाड बघायला, अर्थात. या खेपेला चहा घेतला. शोभाताईला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं आणि ओल्या मातीसकट ती गुटी तिच्या ओटीत घातली. मग दोघींनी मिळून ती बिल्डिंगच्या मागे लावली, मूळ झाडापासून जेमतेम चार हातांवर. दोन जामांमध्ये इतकं कमी अंतर कुठल्याच पुस्तकात बसत नाही. एक दुसऱ्याची सावली खाणार, मुळं एकमेकांत जाणार, दोघांनाही फळ कमी धरणार. हे मला माहीत आहे. हे सांगण्यासाठीच मी पगार घेतो.

मी खड्ड्यात पाणी घातलं आणि तोंड मिटून उभा राहिलो.